मुलं सांभाळण्याच्या कामाला नव्याने लागताय? पुढच्या घराची तयारी पहिल्याच घरात

भांडी रोज घासावी लागतात, पोळ्या रोज लाटाव्या लागतात. त्यामुळे वरकामाची किंवा स्वयंपाकाची बाई एकाच घरात पंधरा-वीस वर्षं टिकू शकते. मुलं सांभाळणारीचं तसं नाही. बाळ तीन वर्षांचं झालं की नर्सरी, मग शाळेची बस, आणि एक दिवस मॅडम म्हणतात, "मावशी, आता संध्याकाळचे तीनच तास आलात तरी चालेल." काम कितीही छान केलंत तरी ते संपणारच असतं. म्हणून पुढचं घर, तेही जास्त पगाराचं, कसं मिळेल याची तयारी आत्ताचं काम हातात असतानाच करायची. ती कशी, ते क्रमाने सांगते. काही गोष्टी एका दुपारी उरकतात, काहींना वर्ष जातं.

१. काम कुठलं धरायचं

मुलं सांभाळायची कामं साधारण चार तऱ्हांची मिळतात. बाळंतपणानंतरच्या सव्वा-दीड महिन्याचं जापाचं काम, आठ-दहा तासांचं, बारा तासांचं आणि घरातच राहायचं चोवीस तासांचं. चोवीस तासांत पैसे जास्त दिसतात, राहणं-जेवण सुटतं. पण नव्या बाईने पहिलं काम ते धरू नये असं माझं मत आहे. तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहायला गेलात की बाकी जगाचा संपर्क तुटतो. बाजारात काय दर चाललाय ते कळत नाही, काही शिकायला जाता येत नाही, आणि रात्री बाळ चारदा उठलं तरी तो कामाचा वेळ म्हणून कुणी धरत नाही.

दिवसाचं काम धरा आणि जवळचं धरा. लोकमान्य नगर किंवा सावरकर नगरला राहत असाल तर पोखरण रोड, वसंत विहार पाहा. मानपाड्याला असाल तर हिरानंदानी इस्टेट, ढोकाळी, कोलशेत. दिघा, रबाळे, कळवा इथल्या बायकांना ट्रान्स हार्बर लाइनवर ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे सोयीचं पडतं. दिघा गाव स्टेशन २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून तर आणखीच. पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून तासभर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकणारं काम घेऊ नका. बाळाची आई तुमच्या भरवशावर लोकल पकडते. तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात की तिचा लेटमार्क लागतो, आणि आठवड्यात तिसऱ्यांदा झालं की ती दुसरी बाई बघायला लागते.

२. बोलणी: दहा मिनिटं, पण कागदावर

पगार सगळेच ठरवतात. भांडणं होतात ती बाकीच्या गोष्टींवर. म्हणून आधीच विचारून घ्या: आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी, महिन्यात किती रजेला खाडा नाही, आई-वडील ऑफिसात अडकले तर जादा तासाचे किती, दुपारचं जेवण तिथे की डबा. एक प्रश्न तर नवख्या बायका हमखास विसरतात: घरचे लोक पंधरा दिवस गावाला किंवा फिरायला गेले तर पगार कापणार का? तुम्ही कामाला तयार असताना त्यांनी घर बंद केलं तर खाडा लागू नये, हे आधीच ठरवून टाका.

दुसरा मुद्दा वरकामाचा. बाळाच्या बाटल्या, त्याचे कपडे, दुपटी, त्याचं खिमट, त्याची खेळणी आवरणं हे तुमचं काम. "बाळ झोपलंच आहे तर जरा भाजी निवडता का" हे पहिल्यांदा गोड वाटतं, महिन्याभरात पोळ्यांपर्यंत जातं. करायचंच असेल तर करा, पण त्याचे पैसे वेगळे.

ठरलेलं सगळं मॅडमना व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. "माझ्या लक्षात राहत नाही हो, तुम्हीच लिहून द्या" एवढं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. पगार शक्यतो बँकेत घ्या. दरमहा कुणाकडून किती जमा झाले ते पासबुकात दिसतं आणि पुढच्या घरी पगार सांगताना तोच पुरावा होतो.

कामं लावून देणाऱ्या ब्यूरोमार्फत गेलात तर त्यांचं कमिशन कोण देणार, तुम्ही की घरचे, ते आधी विचारा. काम महिन्याभरात सुटलं तर पैसे परत मिळतील का, तेही. आधारकार्ड, पॅनकार्ड मूळ कुणाच्याही हातात ठेवू नका. झेरॉक्स द्या आणि त्यावर आडवं लिहा, "फक्त अमुक सोसायटीतील कामासाठी", खाली तारीख. पोलीस पडताळणीचा फॉर्म भरायला सांगितला तर अपमान मानू नका. त्याची एक प्रत मागून घ्या, पुढच्या घरी ती उपयोगी पडते.

३. वही

या कामात पुढे गेलेल्या बहुतेक बायकांकडे मी वही पाहिली आहे. साधी, दोनशे पानी. दूध किती वाजता, किती मिली. झोप कधी ते कधी. शी-शू किती वेळा. ताप मोजला तर किती. औषध दिलं तर कोणतं, किती आणि कुणाच्या सांगण्यावरून. लिहायची सवय नसेल तर खुणा करा: गोल म्हणजे शू, फुली म्हणजे शी. नाहीतर दर दोन-तीन तासांनी मॅडमना आवाजी मेसेज टाका.

बाळाला जुलाब लागले की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कालपासून किती वेळा?" त्या वेळी आई-वडील एकमेकांकडे बघतात आणि तुम्ही वही उघडता. त्या दिवसापासून तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते. वहीत लसीच्या तारखाही लिहून ठेवा. सरकारी वेळापत्रकात जन्मताच, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि सोळा ते चोवीस महिन्यांत लसी असतात. खासगी डॉक्टरांच्या कार्डावर याहून जास्त असतील. त्या दिवशी बाळ किरकिरं असणार, हे धरून दिवसाची आखणी करा.

वही आणखी एका जागी कामाला येते. आई आणि आजी यांच्या मध्ये.

आजी नाशिकहून किंवा कोल्हापूरहून महिनाभर येतात. त्यांनी चार मुलं वाढवलेली असतात. त्या म्हणतात गुटी उगाळ, मध चाटव, उन्हाळा आहे तर चमचाभर पाणी दे, कानात तेल घाल. आई ऑफिसला जाताना सांगून जाते की यातलं काही करायचं नाही. दुपारी घरात आजी आणि तुम्ही. ऐकायचं कुणाचं?

आधी माहिती पक्की हवी. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे आशाताईही सांगतात आणि बालरोगतज्ज्ञही. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, कारण त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. वर्षाच्या आत जेवणात मीठ-साखर घालायची गरज नसते. कानात-नाकात तेल घालू नये. पांगुळगाडा डॉक्टर नको म्हणतात, कारण त्यात बाळ क्षणात जिन्यापर्यंत किंवा गॅसपर्यंत पोहोचतं. झोपवताना पाठीवर झोपवायचं, आजूबाजूला उशा नकोत.

पण हे तुम्ही आजींना शिकवायला गेलात तर काम गेलंच म्हणून समजा. दोघी घरात असताना, दोघींच्या समोर, साधेपणाने विचारायचं: "वहिनी, आजी गुटी द्यायला सांगतायत, देऊ का? तुम्ही दोघी ठरवा, मी वहीत लिहून ठेवते." निर्णय त्यांचा, नोंद तुमची. आजींच्या ज्या गोष्टी चांगल्या असतात त्यांना मनापासून मान द्या. हलक्या हाताची मालिश, मांडीवर घेऊन थोपटणं, मऊ भात कुस्करून भरवायची पद्धत त्यांच्याकडून शिकण्यासारखी असते. आणि पुढच्या कामाची शिफारस बऱ्याचदा आजीच करतात, हेही विसरू नका.

४. हाताला शिकवायच्या गोष्टी

सगळ्यात आधी प्रथमोपचार. बाकीचं शिक्षण थांबलं तरी चालेल, हे थांबू नये.

घशात काही अडकलं आणि वर्षाच्या आतल्या बाळाला खोकताही येत नसेल, तर त्याला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा मारायच्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं, पुन्हा थापा. दिसत नसलेल्या गोष्टीसाठी तोंडात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. कुणालातरी ओरडून १०८ ला फोन करायला लावायचा. वर्षापुढच्या मुलाला पोटावर दाब देतात, ती रीत वेगळी. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हात बसवावा लागतो. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस या संस्था प्रथमोपचाराचं शिक्षण देतात. त्यांच्या जवळच्या केंद्रात चौकशी करा. आणि मुळात अडकूच नये म्हणून शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलाच्या हाती देऊ नका.

भाजलं तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. छोट्या पाकिटावर वेगळं माप छापलेलं असतं, ते वाचा. तयार केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून टाका. पावडरच्या दुधाची बाटली बाळाने उष्टी केली की उरलेलं दूध तासाभरानंतर पाजायचं नाही, कितीही महागाचं असलं तरी.

मग येतो कोर्स. घरकामगारांसाठीच्या कौशल्य परिषदेने बालसंगोपनासाठी वेगळा अभ्यासक्रम केलेला आहे आणि कौशल्य विकास योजनेतून तो शिकवला जातो. आधीपासून काम करणाऱ्यांना, परीक्षा घेऊन, अनुभवाचं प्रमाणपत्र मिळण्याचीही सोय त्या योजनेत आहे. स्किल इंडियाच्या पोर्टलवर जवळचं केंद्र शोधता येतं. जमत नसेल तर महापालिकेच्या समाज विकास विभागात विचारा. खासगी क्लासला पैसे भरण्याआधी पाहा की प्रमाणपत्रावर सही कुणाची आहे, आणि बाहुलीवर, बाटलीवर हाताने शिकवतात की नुसत्या झेरॉक्स वाटतात. "शंभर टक्के नोकरी"ची पाटी बघून भुलू नका.

शाळा अर्धवट सुटली असेल तर दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. दोन वर्षं लागली तरी लागू देत. पुढे बालवाडीत मदतनीस व्हायचं असेल तर शिक्षण विचारतातच.

भाषेबद्दल जरा. खारघर, सीवूड्स, हिरानंदानी इथली कितीतरी घरं हिंदी, गुजराती, तमिळ बोलणारी. कामापुरती हिंदी आपल्याला येतेच. औषधाच्या बाटलीवरची तारीख, माप, बाळाचं नाव इंग्रजीत वाचता येईल एवढं शिका. पण "बाळाशी इंग्लिशमध्येच बोला" असं सांगितलं तर नम्रपणे सांगा की मी मराठीत बोलेन, पण खूप बोलेन. तोडक्या इंग्रजीतल्या चार शब्दांपेक्षा बडबडगीतं, बोटांचे खेळ, खिडकीतल्या कावळ्याशी चाललेल्या गप्पा यांनी मूल लवकर बोलायला लागतं. मोबाइल दाखवून भरवणं हा मात्र खरा शत्रू. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, असं आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं आहे.

५. बागेतल्या बायका

संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या बागेत, उपवनच्या काठी, नेरूळच्या वंडर्स पार्कात नाहीतर खारघरच्या सेंट्रल पार्कात बघा. बाबागाड्या एका बाजूला आणि मावश्या एका बाजूला. कोण शिफ्ट होतंय, कुणाला दुसरं बाळ होणार आहे, कुठल्या टॉवरमध्ये किती पगार चाललाय, ही सगळी खबर ब्यूरोच्या आधी तिथे येते. तिथे बसा. दर ठरवताना एकीला नाही, तिघी-चौघींना विचारा.

पण तोंड सांभाळा. घरातली भांडणं, साहेबांची नोकरी गेल्याची बातमी, कपाटात काय आहे, हे बागेत बोललं की दोन दिवसांत फिरून त्याच दारात येतं. आणि बाळाचा फोटो स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसला कधीही लावू नका, कितीही गोड असला तरी. आजकाल एवढ्यावरून काम जातं, आणि आईच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

ओळख झाली की पहिली गोष्ट बांधायची ती बदली. दोघी-तिघी भरवशाच्या, जवळपास काम करणाऱ्या बायका एकमेकींच्या बदल्या ठरवतात. तुमचं पोर आजारी पडलं, गावी मयत झालं, तर बदली जाते. हे आयत्या वेळी जमत नाही. आधीच मॅडमना सांगा, बदलीला एका सुट्टीच्या दिवशी घरी नेऊन ओळख करून द्या, बाळाला तिच्या कडेवर जाऊ द्या, गेटच्या ॲपमध्ये तिचं नाव घालून घ्या. वही तर आहेच. तिला सगळं त्यात सापडतं. पैशाचा नियम सोपा: ज्या दिवशी जी गेली, त्या दिवसाचे तिचे. दोन नोकऱ्यांच्या घराला "मी आले नाही तरी कुणीतरी येईल" याएवढं दुसरं काही मोलाचं नसतं. पगारवाढ मागताना हा मुद्दा पहिला काढा.

याच बायकांचा बचत गट करता येतो. दहा ते वीस जणी, बँकेत गटाचं खातं, दरमहा ठरलेली रक्कम. भिशी सोपी वाटते, पण ती चालवणारी खोली बदलून निघून गेली की पैसे बुडतात. गटाला पासबुक असतं, पुढे कर्जही मिळतं. ठाणे असो की नवी मुंबई, महापालिकेचा समाज विकास विभाग गट नोंदवायला मदत करतो.

शिकण्यासाठीही गट बरा. एकट्या बाईला कुणी शिकवायला येत नाही, पंधरा जणी असल्या की येतात. वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना तासभर मागा. सप्टेंबरमध्ये पोषण महिना असतो, तेव्हा अंगणवाडीत बाळाच्या आहाराचे कार्यक्रम होतात. आपल्या मुलाला घेऊन जा आणि दुसऱ्याच्या मुलासाठी शिकून या. माझ्या माहितीतल्या एका सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मावश्यांनी कमिटीकडे वाणाऐवजी प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक मागितलं. तिथेच राहणाऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी दीड तास शिकवलं, आणि ऐकायला मावश्यांपेक्षा आया जास्त बसल्या होत्या.

६. नोंदणी आणि विमा

हे कंटाळवाणं आहे, पण एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. ई-श्रम कार्ड सोळा ते एकोणसाठ वयापर्यंत, फुकट. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर फोनवरूनही होतं. घरेलू कामगार कल्याण मंडळाची नोंदणी वेगळी. राज्याचा कायदा २००८ चा, नोंदणीचं वय १८ ते ६०, आणि ती जिल्ह्याच्या कामगार कार्यालयामार्फत होते. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात, म्हणजे कार्यालय वेगळं. नोंदणी वेळोवेळी चालू ठेवावी लागते. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत कामगारांना १०,००० रुपये सन्मानधनाची योजना याच मंडळाची, बाळंतपणाची मदतही त्याचीच.

नोंदणीला, तुम्ही जिथे काम करता त्या घरच्यांचं, "या आमच्याकडे काम करतात" असं पत्र लागतं. ते द्यायला लोक घाबरतात, पीएफ मागे लागेल म्हणून. तसं काही होत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा.

बँकेतच वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो. जीवन विम्याला वयाची अट १८ ते ५० आहे. हप्ता मे महिन्यात आपोआप कापला जातो, तेव्हा खात्यात तेवढे पैसे ठेवा.

संघटनेचं म्हणाल तर घरकामगारांच्या संघटना महाराष्ट्रात जुन्या आहेत. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला होता. १६ जून हा जगभर घरकामगारांचा दिवस मानला जातो. मुलं सांभाळणाऱ्या बायका "आम्ही मोलकरणी नाही" म्हणून लांब राहतात. त्यात नुकसान आपलंच होतं, कारण कायद्याच्या यादीत आपण त्यांच्याच रांगेत आहोत.

७. अडचण आली तर

घरातल्या पुरुषाने अंगचटीला जाण्याचा प्रयत्न केला तर काम सुटेल या भीतीने गप्प बसू नका. घरकामगारांच्या तक्रारीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. तुमच्या ताब्यातल्या मुलावर कुणी अत्याचार करतंय अशी शंका आली तर १०९८ वर कळवा. अशा वेळी कळवणं हे कायद्याने आपल्यावर बंधन आहे, मग तो माणूस घरातला का असेना.

गावाकडची भाची हाताखाली आणायचा मोह होतो. चौदा वर्षांखालच्या मुलीला घरकामाला लावणं गुन्हा आहे, "नुसती सोबत असते" म्हटलं तरी. तिला शाळेत घाला.

८. निघताना

काम संपणार हे सहा महिने आधी कळतं. पत्र तेव्हाच मागा. शेवटच्या दिवशी सगळे घाईत असतात. पत्रात हवं: किती महिन्यांच्या बाळापासून किती वर्षांपर्यंत सांभाळलं, रोजचे तास, काय काय केलं, काम का संपलं, आणि फोन करून विचारलं तर चालेल अशी ओळ. दोन प्रती घ्या आणि फोनमध्ये फोटो ठेवा. मुलालाही आधीपासून सांगत राहा की मावशी आता रोज येणार नाही. पळून गेल्यासारखं निघू नका, मूल महिनाभर दाराकडे बघतं.

पुढच्या वाटा बऱ्याच आहेत. नवजात बाळांचीच कामं घेणाऱ्या बायकांना चांगला पगार मिळतो, पण रात्री जागायची तयारी हवी. जुळ्यांचा अनुभव असेल तर तो ठळक सांगा. काहीजणी बालवाडीत जातात, काहीजणी पाळणाघर काढतात. पाळणाघराचा विचार असेल तर दोन-तीन मुलांवर सुरू करा, आपलीच बदली मदतीला घ्या. खोली भाड्याची असेल तर घरमालकाची, इमारत असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी काढा. खिडक्यांना जाळी, गॅसकडे जायला आडवं फळकूट, न्यायला येणाऱ्या माणसांची फोटोसकट यादी. फी महिन्याच्या पाच तारखेच्या आत आणि आगाऊ घ्या. मूल आठवडाभर आजारी पडलं तरी पूर्ण लागेल, हे पहिल्याच दिवशी फॉर्मवर लिहून सही घ्या.